दार आहे, घर नाही

ऑफिसच्या कामाने न्यूयॉर्कला गेलात आणि एक संध्याकाळ मोकळी सापडली, तर टाइम्स स्क्वेअर राहू द्या. सबवेची चार किंवा पाच नंबरची गाडी पकडून ईस्ट रिव्हरखालून ब्रुकलिनला या. बरो हॉलला उतरा आणि जोरालेमन स्ट्रीटने नदीकडे चालत सुटा. शेवटी शेवटी दगडी फरसबंदीचा उतार लागतो. दोन्ही बाजूंना विटांची जुनी, टुमदार घरं. भाव विचारू नका, राव!

यातलं ५८ नंबरचं तीन मजली घर नीट बघा. खिडक्या काळ्याकुट्ट. पडदा नाही की कुंडी नाही. कारण आत कुणी राहतच नाही. १८४७ सालचं हे खरंखुरं घर. १९०८ मध्ये मॅनहॅटन आणि ब्रुकलिनला जोडणारा पहिला सबवे बोगदा इथून खालून सुरू झाला. त्याच सुमारास घर आतून पोकळ करून त्याचं बोगद्याचं नाक बनवलं गेलं.

नाक कशाला? बोगद्यातली गाडी म्हणजे पिचकारीतला दट्ट्या. पुढची हवा ढकलते, मागून नवी ओढते. त्या हवेला कुठेतरी वर वाट द्यावीच लागते आणि नदीच्या मधोमध ती देणार कशी? म्हणून किनाऱ्यालगतची जागा. खरी परीक्षा आगीच्या वेळी. सबवेतले मोठे पंखे धूर एका बाजूला रेटतात, म्हणजे माणसांना उलट दिशेने, ताज्या हवेकडे चालता येतं. या घरात वर येणारा आपत्कालीन जिनाही आहे. एखाद दिवशी या दारातून धापा टाकत बाहेर येणारे तुम्हीच असाल!

आयडिया भन्नाट आहे, पण मला शेजाऱ्यांचंही कौतुक वाटतं. शहराचा श्वास कुणाच्या तरी भिंतीला चिकटूनच बाहेर पडणार. इथे निदान घराचा चेहरा तरी राहिला. २०२५ च्या ऑक्टोबरात कफ परेडपर्यंत पूर्ण झालेल्या आपल्या मेट्रो ३ ची २७ पैकी २६ स्टेशनं जमिनीखाली आहेत. त्यासाठी गिरगाव-काळबादेवीत जुन्या इमारतीच पाडाव्या लागल्या. तिथल्या रहिवाशांना ब्रुकलिनची ही गोष्ट सांगायला मी तरी धजावणार नाही.

घर बघून झालं की उतार संपवा, पुढेच ब्रुकलिन ब्रिज पार्क आहे. सूर्यास्त तिथून बघा.