आदेशाचा कागद

तंत्रज्ञानावर शासनाची सत्ता किती असावी, हा विषय आता राज्यशास्त्राच्या ग्रंथांपुरता राहिलेला नाही. सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या घोळक्यात, दूध संस्थेच्या ओट्यावर आणि लग्नाच्या पंगतीतही त्यावर वाद रंगतो, आणि या वादाची एक ठरावीक रीत पडून गेली आहे. एखाद्या ॲपवर बंदी आली की ते कोणत्या देशाचे, हे प्रथम विचारले जाते. बंदी कोणत्या कलमाखाली आली, तिची कारणे कोठे नोंदवली आहेत आणि तिच्याविरुद्ध दाद कोठे मागायची, हे सहसा कोणी विचारत नाही. प्रस्तुत लेखकाने कोल्हापुरात तीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवले, तरी हा दुसरा प्रश्न त्याला सुचला नव्हता. एका माजी विद्यार्थ्याने तो विचारला तेव्हा लेखकाने त्याला गप्प केले, आणि तीन वर्षांनी तोच प्रश्न घेऊन लेखक स्वतः एका कार्यालयाच्या दारात उभा राहिला. त्या दोन प्रसंगांची ही नोंद आहे.

१५ जून २०२० रोजी लडाखमधील गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत भारताचे २० जवान हुतात्मा झाले. कोल्हापूर जिल्ह्यातील असंख्य घरांतून माणसे सैन्यात गेलेली असल्यामुळे ही बातमी येथे दूरच्या सीमेवरची म्हणून कोणी ऐकली नाही. टाळेबंदी थोडी सैल होऊन रंकाळा तलावावरचे फिरणे नुकतेच सुरू झाले होते आणि लेखकाच्या घोळक्यातील एक निवृत्त सुभेदार त्या आठवड्यात कोणाशीही फारसे बोलत नव्हते. २९ जून रोजी केंद्र सरकारने टिकटॉक, शेअरइट, यूसी ब्राउझर यांसह ५९ चिनी ॲप्सवर बंदी जाहीर केली, तेव्हा दुसऱ्या दिवशी सुभेदारांनी सर्वांना स्वखर्चाने चहा पाजला आणि लेखकानेही तो मनापासून घेतला; त्या चहामागची भावना खोटी नव्हती, आणि आजही लेखक ती खोटी मानत नाही.

त्याच आठवड्यात करवीर तालुक्यातील एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. घरच्या गुऱ्हाळावरची कामे, म्हणजे काहिलीतला उकळता रस, वर येणारी मळी, आणि पाक तयार झाला हे ओळखणारा गुळव्या, यांच्या छोट्या चित्रफिती तो टिकटॉकवर टाकत असे आणि त्या पाहून परगावची गिऱ्हाइके थेट त्याच्याकडे गूळ मागू लागली होती. बंदीमुळे ती सारी ओळख एका रात्रीत पुसली गेली, तरी त्याने बंदीविरुद्ध एक शब्दही काढला नाही, त्याने इतकेच विचारले, “सर, देशासाठी बंद केलं ते बरोबरच हाय, पण त्या बंदीचा कागद कुठं वाचायला मिळंल?” लेखकाने त्याला सुनावले की सीमेवर जवान देह ठेवत असताना कागद मागण्याची ही वेळ नव्हे. त्याने “बरं, सर” म्हणून फोन ठेवला.

बंदीमागचा सुरक्षेचा युक्तिवाद कच्चा नव्हता, हे येथे स्पष्टपणे मांडले पाहिजे. चीनने २०१७ साली केलेल्या राष्ट्रीय गुप्तवार्ता कायद्याच्या सातव्या कलमानुसार तेथील संस्थांनी व नागरिकांनी गुप्तवार्तेच्या कामात सहकार्य करणे बंधनकारक आहे. म्हणजे चिनी कंपनीकडे जमा झालेली माहिती तेथील शासनाने मागितल्यास ती नाकारणे कंपनीला कठीण आहे. मात्र हा धोका एकाच देशापुरता नाही, कारण अमेरिकेची राष्ट्रीय सुरक्षा संस्था तेथील मोठ्या कंपन्यांकडून परदेशी नागरिकांचा पत्रव्यवहार मिळवत असल्याचे एडवर्ड स्नोडेन यांनी २०१३ साली उघड केलेल्या कागदपत्रांतून जगाला कळले होते. टिकटॉक गेल्यावर जुलै २०२० मध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले आणि गुऱ्हाळाच्या चित्रफिती तिकडे गेल्या, तेव्हा माहितीचा साठा एका परदेशी कंपनीकडून दुसऱ्या परदेशी कंपनीकडे गेला. शासनाला बंदीचा अधिकार असावा हे यातून निश्चितच सिद्ध होते. तो अधिकार कसा वापरला जावा, हा प्रश्न मात्र त्यानंतरही शिल्लक राहतो.

हा अधिकार माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ६९अ मधून येतो. देशाचे सार्वभौमत्व, संरक्षण, सार्वजनिक सुव्यवस्था अशा मोजक्या कारणांसाठी इंटरनेटवरील मजकूर किंवा सेवा लोकांना दिसू न देण्याचा आदेश केंद्र सरकार या कलमाखाली देते. महाराष्ट्राशी या कलमाचा संबंध जवळचा आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे फेसबुकवरील एका नोंदीवरून दोन तरुणींना अटक झाली, तिच्यातून त्याच कायद्यातील, आक्षेपार्ह संदेशांबद्दल शिक्षा सांगणाऱ्या कलम ६६अ विरुद्ध याचिका उभी राहिली आणि श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६६अ रद्द केले. त्याच निकालात ६९अ मात्र टिकले, आणि ते टिकण्याचे एक महत्त्वाचे कारण असे की या कलमाखाली कारणे लेखी नोंदवावी लागतात, जेणेकरून रिट अर्जाद्वारे, म्हणजे मूलभूत हक्कांसाठी थेट उच्च न्यायालयात करावयाच्या अर्जाद्वारे, ती तपासता येतील. दुसरीकडे, २००९ च्या नियमांतील सोळावा नियम या कार्यवाहीबाबत काटेकोर गोपनीयता पाळण्यास सांगतो. ज्या कारणांच्या बळावर कलम वैध ठरले तीच कारणे सामान्य नागरिकाला वाचता येत नाहीत, आणि गुऱ्हाळावरच्या तरुणाने नकळत नेमक्या याच गाठीवर बोट ठेवले होते.

७ जून २०२३ रोजी समाजमाध्यमांवरील काही मजकुरावरून कोल्हापुरात तणाव उसळला आणि इंटरनेट सेवा तात्पुरती बंद करण्यात आली. अफवा थांबवण्याची निकड खरी होती. परंतु औषधाच्या दुकानात लेखकाच्या खिशात रोकड नव्हती आणि मोबाइलवरून पैसे जात नव्हते, तेव्हा ओळखीच्या दुकानदाराने रक्तदाबाच्या गोळ्या उधार दिल्या. ज्याची ओळख नसेल त्याने काय केले असेल, हा विचार लेखकाला त्या रात्रभर छळत राहिला. पुढे एका कार्यालयात जाऊन त्याने बंदीच्या आदेशाची प्रत मागितली, तेव्हा “वरून आदेश आहे” एवढे उत्तर मिळाले. कोणाचा, किती वेळेसाठी आणि कोणत्या कायद्याखाली, हे कोणालाच सांगता आले नाही. परतीच्या वाटेवर त्याला तीन वर्षांपूर्वीचा तो फोन आठवला आणि मनापासून शरम वाटली.

त्यानंतर लेखकाने वाचायला घेतले आणि त्याला कळले की तेव्हा इंटरनेट बंद करण्याची कार्यवाही १८८५ च्या तार कायद्याखाली २०१७ साली केलेल्या नियमांनुसार होत असे. अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी, म्हणजे विद्यार्थ्याच्या फोनच्या जवळजवळ सहा महिने आधी, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, सेवा अनिश्चित काळासाठी बंद ठेवता येत नाही, आणि बंदी तिच्या उद्दिष्टाच्या प्रमाणात असली पाहिजे. तो निकाल ॲपबंदीचा नव्हता, इंटरनेटबंदीचा होता, तरी त्यामागचे तत्त्व विद्यार्थ्याच्या प्रश्नातलेच होते: हक्कावर मर्यादा घालणारा कागद नागरिकाला वाचता आला पाहिजे. नागरिकशास्त्राच्या शिक्षकाला हा निकाल ठाऊक असायला हवा होता.

अमेरिकेने टिकटॉकविरुद्ध एप्रिल २०२४ मध्ये कायदा केला, कंपनी न्यायालयात गेली, आणि १७ जानेवारी २०२५ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवणारा निकाल कारणांसह प्रसिद्ध केला. पुढे तीनच दिवसांत नव्या राष्ट्राध्यक्षांनी त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली, त्यामुळे तो देश आदर्श ठरत नाही. मात्र राष्ट्रीय सुरक्षेची कारणे बऱ्याच अंशी उघडपणे मांडता येतात आणि न्यायालयात टिकूही शकतात, हे त्या निकालातून दिसले. कारणे उघड केल्याने राष्ट्र दुबळे होते, हा समज त्यामुळे फारसा टिकत नाही.

लेखकाने गुऱ्हाळावर जाऊन त्या विद्यार्थ्याची क्षमा मागितली. त्याने ऊन गुळाचा खडा हातावर ठेवला आणि विषय वाढवला नाही. रंकाळ्यावरच्या सुभेदारांनाही हे सारे सांगितले, तेव्हा सैन्यात साधी रजासुद्धा लेखी मंजुरीशिवाय मिळत नाही, असे ते म्हणाले आणि कागद मागणे हा देशद्रोह नव्हे, हे त्यांनी तत्काळ मान्य केले. वाचकांना एवढीच विनंती आहे की पुढची बंदी कोणत्याही देशाच्या ॲपवर येवो, कोणत्याही पक्षाच्या सरकारने आणो, आणि ती आपल्याला पटो वा न पटो, चर्चेच्या आरंभी चार गोष्टी विचाराव्यात: आदेश कोणाचा, कोणत्या कलमाखाली, किती मुदतीचा आणि दाद कोठे मागायची. आणि एखाद्या तरुणाने हे प्रश्न आपल्या आधी विचारले, तर त्याला गप्प करू नये.