भांगाचे पाणी

मे महिन्याचा अखेरचा आठवडा उजाडला की वसईच्या किनाऱ्याला घाई सुटते. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना समुद्र बंद. त्याआधी शेवटच्या फेऱ्या पदरात पाडून घ्यायच्या, जाळी उतरवायची, पुढच्या उधाणाला बोट वर ओढून शाकारायची, अशी कोळीवाड्याची धांदल असते. आम्हा वाडीतल्या माणसांची धांदल निराळी. लाकूडफाटा आडोशाला न्यायचा, कौले चाळायची आणि पावसाळ्याची बेगमी म्हणून सुके बोंबील नि सुकट डब्यांत भरून ठेवायची.

या वर्षी माझ्या पाचूबंदरच्या मित्राला मात्र कसलीच घाई नव्हती. जानेवारीत त्याने बोट विकली. डिझेल परवडेना, खलाशी मिळेनात, मुलगा नोकरीत रमलेला आणि स्वतःचे गुडघे सत्तरीला टेकलेले. कारणे सगळी खरी होती आणि ती त्याने मला एकदाच, हिशेब वाचून दाखवावा तशी सांगितली. पुन्हा त्या विषयावर तो बोलला नाही. त्याच्या घराच्या ओट्यावरून बंदर दिसते. तो ओट्यावर बसेनासा झाला, एवढेच मला कळले.

मुलाने त्याला रॉड आणि रीळ आणून दिले. चाळीस वर्षे डोल लावलेल्या माणसाला गळ म्हणजे पोरांचा खेळ वाटणार, हे उघड आहे. दोन महिने ती काठी दाराआड उभी होती. शेवटी मीच म्हटले, "नाखवा, हंगाम संपतो आहे. पाऊस पडला की हे पाणीही गेले. चल, एक दिवस काढू."

"नाखवा कशाचा रे आता, मास्तर? काठीला नाखवा असतो का?" तो म्हणाला, पण आला.

दिवस त्यानेच निवडला: वैशाख वद्य षष्ठी. आमच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायला पंचांग पुरते. तिथीची पाऊणपट करावी, येईल त्या तासाला भरती. षष्ठीला साडेचार. म्हणजे साडेदहाच्या सुमारास पुरी ओहोटी आणि तिथून पुढे सहा तास चढते पाणी. शिवाय अष्टमी जवळ आली की भांग, पाण्याची ओढ मंद. डोल लावणाऱ्याला उधाणाची ओढ हवी, तिच्याशिवाय मासा जाळ्यात लोटला जात नाही. म्हणून भांगाचे दिवस हे त्याचे आयुष्यभर जाळी सांधण्याचे, झोप काढण्याचे दिवस. किनाऱ्यावरून गळ टाकणाऱ्याला मात्र हेच पाणी सोयीचे. शिसे टाकल्या जागी राहते.

सुरूच्या बागेपुढच्या वाळूत आम्ही दहाला पोचलो. पाणी दूर गेले होते आणि एरवी लाटांखाली असलेली जमीन उघडी पडली होती. किनाऱ्याला समांतर वाळूचा एक लांब बांध, त्याच्या अलीकडे गुडघाभर पाण्याचा चर. लाट बांधावर फुटते, पांढरी होते. चरावर आली की पुन्हा शांत. पाणी चढू लागले की मासा या चरात चरायला शिरतो. मी हे सांगत होतो आणि तो बराच वेळ त्या पांढऱ्या रेषेकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "चाळीस वर्षे या रेषेकडे आम्ही एकाच गोष्टीसाठी पाहिले. बोट हिच्यावर चढता कामा नये. हिच्या आत काय आहे, कधी विचारलेच नाही."

बारीक गळाला सोललेली कोळंबी लावून त्याने पहिली फेक केली ती फसली. तंगुसाचा गुंता झाला. तो गुंता त्याने ज्या बोटांनी सोडवला, ती पाहण्यासारखी होती. दुसरी फेक चरात बरोबर पडली. अर्ध्या तासात मुडदुशी लागली. वाळूच्याच रंगाची, लांबट, निमुळत्या तोंडाची. ही मासळी मोठी हुशार. वरून जाळे ओढले जाऊ लागले की वाळूत अंग पुरून घेते आणि ते निघून जाईपर्यंत तशीच राहते. गळापुढे मात्र तिचे काही चालत नाही. दुपारपर्यंत सात झाल्या. एक शिंगाळाही आला; त्याचे काटे विषारी असतात, पण नाखव्याने पायाखाली दाबून चिमट्याने गळ असा काढला की मला घाबरायलाही सवड मिळाली नाही. भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी आम्ही सुरूच्या सावलीत खाल्ली. सुरू आता पूर्वीइतके राहिलेले नाहीत. समुद्राने मुळे उघडी केलेली कितीतरी झाडे वाळूत आडवी आहेत.

तीननंतर नैर्ऋत्येचा वारा वाढला, पाणी गढूळले. त्याच वेळी एकेक बोट बंदराकडे परतू लागली. मला ते नुसते ठिपके होते. तो मात्र ताठ झाला. "सहा सिलिंडर," तो पुटपुटला. मग थोडे थांबून, जरा रागानेच, "इंजेक्टर अजून बदललेला नाही त्याने. ऐक, खोकते आहे." बोट दिसण्याआधी त्याने ती ऐकली होती. त्याच्या रॉडचे टोक वाकून थरथरत होते, त्याचे लक्ष नव्हते. ती मुडदुशी मी ओढली. दिवसातली सर्वांत मोठी.

"आवर," तो म्हणाला. "बंदरावरून जाऊ."

बोट कडेला लागत होती. ती घेणारा तरुण त्याच्याच हाताखाली खलाशी म्हणून वाढलेला. आम्ही दिसताच तो नाळीवरून ओरडला, "नाखवा, दोर घ्या!" आणि दोर फेकलासुद्धा. माझ्या हातात दोन रॉड, खांद्याला पिशवी. मी बाजूला झालो. दोर झेलून, दोन वेढे मारून तो खुंट्याला बांधेपर्यंत मित्राने कोणाकडे पाहिले नाही. बायका पाट्या घेऊन पुढे सरल्या. तो गुडघे सांभाळत बोटीवर चढला आणि इंजिनाच्या फळ्या उघडून आत वाकला. मी उपड्या पाटीवर पाऊण तास बसून होतो. आतून तरुणाला दिलेल्या शिव्या तेवढ्या ऐकू येत होत्या. त्या ऐकताना तो पोरगा हसत होता.

उतरताना त्याने आमच्या पिशवीतल्या मुडदुश्या काढल्या. मोठी धरून पाच त्याला दिल्या. "गळाच्या आहेत. अंगावर जाळ्याचा वळ नाही, बघ." पोराने दोन पापलेटे आमच्या पिशवीत टाकली. नको म्हणायची वेळच आली नाही.

घराकडे वळताना मी विचारले, "उद्या येणार?"

"सप्तमी. भरती कितीला, सांग," तो म्हणाला. हा हिशेब त्यानेच मला शिकवलेला.

"सव्वापाच."

"मग दुपारी जेवून निघू. सकाळी मी मोकळा नाही. त्याची जाळी उतरवायची आहेत."