लोटलेलं दार

फ्लॅट बघायला गेलो की आपण नळ सोडून पाण्याचं प्रेशर बघतो, मोबाईलची रेंज बघतो, पार्किंग कुठलं मिळणार ते विचारतो. आतल्या दारांच्या नॉबकडे कुणी बघत नाही. आमच्या पुण्यातल्या फ्लॅटला बिल्डरने स्टीलचे गोल, गुळगुळीत नॉब लावले आहेत. दिसायला छान. फोटोत तर फारच छान.

आईला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. घरात आम्ही नुसतं 'आमवात' म्हणतो. सकाळी उठल्यावर तासभर तिची बोटं नीट मिटत नाहीत. बरणीचं झाकण, दुधाची पिशवी ही कामं हळूहळू माझ्याकडे आली. पण ती बाथरूमचं दार लावत नाही, नुसतं लोटून घेते, हे कळलं मामा राहायला आला तेव्हा. तो हॉलमध्ये पेपर वाचत बसलेला आणि आई अंघोळ पुढे ढकलत होती. अकरा झाले, साडेअकरा झाले. "जाते गं सावकाश." मामा दाढी करायला खाली गेला तशी ती टॉवेल घेऊन उठली.

मी नंतर विचारलं.

"साबणाच्या हातांनी तो गोळा फिरत नाही. आतच अडकले म्हणजे? आणि एरवी आपण दोघीच तर असतो."

दोघीच असतो हे खरं. पण पाहुणा आला की स्वतःच्या घरात अंघोळीची वेळ चोरायची, हे मला काही केल्या पटेना.

गोल नॉबला नुसता जोर पुरत नाही, आधी पकड लागते. बोटांनी आवळायचं आणि आवळलेलं असतानाच मनगट पिळायचं, म्हणजे सुजलेल्या सांध्यांना जे नको तेच. लांब दांडीच्या लिव्हर हँडलला पकड लागतच नाही. मुठीने, कोपराने, कशानेही खाली दाबा. शिवाय नॉबची त्रिज्या अडीच सेंटीमीटरच्या आसपास. दांडी दहा सेंटीमीटरवर दाबली तर तेच काम साधारण पाव जोरात होतं. कॅनडातल्या व्हँकूव्हर शहराने २०१३ मध्ये बांधकामाचे नियमच बदलले आणि नव्या घरांत गोल नॉबऐवजी लिव्हर सक्तीचे केले.

आमचे सुतारकाका म्हणाले, मोठं मॉर्टिस लॉक बसवू, दाराला खाच पाडावी लागेल. मला पाडापाडी नको होती. नॉबसाठी दाराला गोल भोक असतंच, आणि त्याच भोकात बसणारे लिव्हर मिळतात. मापं फक्त तीन लागतात: भोकाचा व्यास, दाराच्या कडेपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर आणि दाराची जाडी. आमची आली ५४, ६० आणि ३२ मिलिमीटर. ती फोनमध्ये लिहून बोहरी आळीत गेले.

खरा घोळ कडीचा होता. बहुतेक बाथरूम-लॉकना आतून छोटी कळ फिरवावी लागते, आणि ती तर नॉबपेक्षाही बारीक. म्हणजे दार उघडता येणार, पण लावता येणार नाही! चौथ्या दुकानात हवं ते मिळालं. आतून बटण दाबायचं, लिव्हर खाली केला की लॉक आपोआप सुटतं. बाहेरून एक खाच, तिच्यात नाणं घालून फिरवलं की दार उघडतं. दांडीचं टोकही दाराकडे वळलेलं, त्यामुळे गाऊनची बाही अडकत नाही.

खाच बघून आई थबकली. "म्हणजे बाहेरून कुणीही उघडणार?"

"तू पडलीस तरच. आणि आधी टकटक करून."

तिने जरा विचार केला. "मग नाणं तुझ्याकडेच ठेव."

बसवायला पाऊण तास लागला. जुन्या नॉबच्या मानेवर बारीक भोक असतं, त्यात पिन दाबली की नॉब निघून येतो. मग चकती, मग दोन लांब स्क्रू, शेवटी कडेचं लॅच. नवं लॅच घालताना त्याची उतरती बाजू दार ज्या दिशेने बंद होतं तिकडे ठेवायची. आणि स्क्रू फार आवळायचे नाहीत, नाहीतर लिव्हर दाबल्यावर वर येत नाही. सगळे स्क्रू आईने वाटीत धरून ठेवले होते. तिने कोपराने बटण दाबून बघितलं, मग बोटाच्या पेराने, मग परत कोपराने.

आता बेडरूमलाही तसंच हँडल लावलंय. तिथलं दार ती कधीच लावायची नाही, मला वाटायचं तिला वारा हवा असतो. हल्ली दुपारी मावशीचा फोन आला की आई आत जाते, टक् असा आवाज होतो आणि तासभर दार बंद असतं. मधूनच दोघींचं हसणं येतं. बोलणं काही ऐकू येत नाही.