संवादछायेच्या प्रदेशात

यवतमाळ ते पांढरकवडा या रस्त्याविषयी लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. कापूस, तूर, मधेच सागवान आणि पुन्हा कापूस. प्रवास खरा सुरू होतो तो पांढरकवडा सोडून झरीच्या बाजूला वळल्यावर. पैनगंगा जवळ येते, पलीकडे तेलंगणा, आणि आडवाटेला कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, लागतात: कुडाच्या भिंती, मधोमध चावडी आणि जवळच जिल्हा परिषदेची शाळा. जिल्ह्याच्या गावी बसून या भागातल्या बदलीबद्दल बोलणारे लोक 'तिकडे' हा शब्द असा उच्चारतात की काळं पाणीच आठवावं. मला तो सूर आवडत नाही. पण त्यात एक सत्य दडलेलं आहे, आणि ते बोलणाऱ्यांनाही नीट दिसलेलं नाही. पोडावर जाणारा गुरुजी परदेशीच जात असतो. फक्त पासपोर्ट लागत नाही, म्हणून ते कोणाच्या लक्षात येत नाही.

जपानने 1987 साली परदेशी तरुणांना शाळांत इंग्रजी शिकवायला बोलावण्याची योजना सुरू केली. त्यातले काही जण लहानशा बेटांवर जाऊन पडतात. आपण परके आहोत हे त्या तरुणाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं आणि बेटालाही ठाऊक असतं. म्हणून तो निदान पाणी, भात, नमस्कार हे शब्द तरी शिकतो. आपल्या गुरुजींचं उलटं. राज्य तेच, जिल्हा तोच, पुस्तक बालभारतीचं. मग परकं काय? परकी आहे ती भाषा. कोलामी मराठीची बोली नव्हे, ती द्राविड कुळातली. पाण्याला ईर, विस्तवाला किस, घराला एल्ला. 2011च्या जनगणनेत ती बोलणारे सव्वा लाखाच्या वर निघाले. एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने 1955 साली तिच्यावर अख्खं पुस्तक छापलं. इतिहासकार म्हणून आपण ओळखतो त्या सेतु माधवराव पगडींनीही कोलामीचं व्याकरण लिहिलं आहे, हे मात्र थोड्यांनाच माहीत असतं.

आता सरकारी कागद पाहा. शिक्षकांच्या बदल्यांसाठी 7 एप्रिल 2021च्या शासन निर्णयाने अवघड क्षेत्र ठरवायला सात निकष दिले आणि त्यांतले तीन जुळले की शाळा अवघड. हिंस्र जनावरांचा उपद्रव, धड रस्ता नसणं, डोंगराळ भाग, महामार्गापासूनचं अंतर असे ते निकष. त्यांत एक आहे 'संवादछायेचा प्रदेश'. शब्द फार सुंदर. अर्थ एवढाच, की मोबाइलला रेंज नाही. खरी संवादछाया पहिलीच्या वर्गात पडलेली असते, आणि ती सातांपैकी एकाही निकषात नाही. क्षेत्र अवघड कोणाला, तर गुरुजींना. मुलाला काय अवघड जातं हे विचारलेलंच नाही.

इथे कोलामी आकड्यांपाशी मला थोडं थांबायचं आहे, कारण माझं कुतूहल अडकलं ते तिथेच. या भाषेत 'दोन'साठी तीन शब्द आहेत. पुरुष असले तर इद्दर, बायका असल्या तर ईरल, वस्तू असल्या तर इन्दिंग. तीनचंही तसंच: मुग्गुर, मुयल, मून्दिंग. चारपर्यंत हे चालतं. ऐकताना विचित्र वाटतं ना? आता आपली मराठी आठवा. दोघे, दोघी, दोन. तिघे, तिघी, तीन. चौघे, चौघी, चार. पुढे आपल्यालाही 'पाच जण' म्हणावं लागतं. हिंदीत ही सोय नाही. कोणी कोणाकडून घेतलं हे अभ्यासकांनी ठरवावं, पण मराठीचा अमराठी माणसाला हमखास चकवणारा हा बारकावा कोलाम मूल घरूनच घेऊन येतं. 'दोघी' शिकवायला ज्याला इतरत्र घाम फुटेल, त्या गुरुजीला इथे नुसतं 'ईरल' म्हणायचं आहे. उलट, मूल अडतं कुठे हेही भाषाच सांगते. आकडे सोडले तर कोलामीत पुरुष एका बाजूला. बाई, बैल, झाड सगळी दुसऱ्या बाजूला. त्या मुलाने 'गाय आलं' म्हटलं तर तो ढ नाही, तो आपल्या व्याकरणाशी प्रामाणिक आहे. लाल शाई मारण्याआधी एवढं कळायला हवं.

यावर म्हणतील, पोरांना नोकरीसाठी मराठी हवी, कोलामी काय कामाची? मराठी हवीच. पण नदी ओलांडायची तर पाय आधी अलीकडच्या काठावर असावे लागतात. दुसरा आक्षेप बदलीचा: चार वर्षांत जायचंच आहे, शिकून काय करू? जपानी योजनेतल्या शिक्षकालाही फार तर पाचच वर्षं मिळतात. तिसरा आक्षेप मात्र खरा जड आहे. एकाच वर्गात कोलाम, गोंड आणि बंजारा मुलं असली तर गुरुजींनी किती भाषा शिकाव्यात? याचं खरं उत्तर पोडातल्याच शिकलेल्या मुलामुलींना शिक्षक करणं हे आहे. ते होईपर्यंत निदान प्रत्येक मुलाच्या घरच्या भाषेतले आकडे तरी यावेत.

गुरुजींनी शाळेच्या गावातच राहावं की नाही, हा वाद मला त्यामानाने दुय्यम वाटतो. घरभाडं घेऊन अपडाऊन करणाऱ्या शिक्षकांवर 2022 साली बरंच रान उठलं. जपानच्या दुर्गम भागातल्या शिक्षणासाठी 1954 साली झालेल्या कायद्यात शिक्षकांच्या घरांची तरतूद आहे. आपण घर न देताच मुक्कामाची अट घालतो. शिवाय मुक्कामाला राहूनही भाषेच्या बाहेर राहता येतं.

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. यंदा पोडावर रुजू होणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना एकच विनंती: एकचे दोन, आणि दोन-तीन-चारचे तीन-तीन, असे कोलामीत मिळून अकराच शब्द होतात. तेवढे पाठ करून जा.