भाचीचं कॉलेज आणि सासूबाईंची शिकवणी

"म्हंजे डाक्टर न्हाई, इंजिनेर न्हाई, मास्तरीणबी न्हाई? मग पोरगी तिथं करनार काय?" सासूबाईंच्या या प्रश्नाला माझ्याजवळ धड उत्तर नव्हतं. आणि भाचीला तिथं पाठवायचा आग्रह तर मीच धरलेला!

पुण्याजवळ लवळ्याला फ्लेम नावाचं लहानसं खाजगी विद्यापीठ आहे. 2015 साली ते विद्यापीठ झालं. आर्ट्सची मुलगी, सायन्सची मुलगी अशी वाटणी तिथं सुरुवातीलाच होत नाही. अर्थशास्त्र शिकणारी जोडीला मानसशास्त्र घेते, साहित्य घेते. फी ऐकली की मात्र छातीत धडकी भरते. थोडी सवलत मिळाली, उरलेल्यासाठी वन्संनी कर्ज काढलं. भावजी हसत म्हणाले, "वहिनी, तुमच्या शब्दावर पाठवतोय हं!" त्या हसण्यानं माझी झोप उडाली.

माझं बी.ए. लग्नानंतरचं, बाहेरून परीक्षा देऊन. भाकऱ्या आटोपायच्या, ओटा पुसायचा आणि मग पुस्तक उघडायचं. होस्टेल, मैत्रिणींशी वाद, लायब्ररीत रेंगाळणं हे सगळं मी कादंबऱ्यांतूनच अनुभवलं. त्यामुळे पोरीच्या भल्यासाठी म्हणून जो हट्ट धरला, त्यात माझी राहिलेली हौस किती होती, हे मलाच सांगता येईना.

त्या दिवसांत अण्णा कर्व्यांची फार आठवण यायची. जपानातल्या महिला विद्यापीठाची माहिती वाचून त्यांनी 1916 साली हिंगण्याला महिला विद्यापीठ काढलं. तेही खाजगी, तेही चिमुकलं. शिक्षण मराठीतून आणि पदवीचं नाव 'गृहीतागमा'. पुढे ठाकरसींच्या देणगीनं त्याचं एस.एन.डी.टी. झालं, पण सरकारी मान्यतेचा कायदा व्हायला 1949 उजाडलं. म्हणजे तोवर जी मुलगी शिकली, तिच्या पदवीला सरकारदरबारी किंमत नाही! त्यांच्या आज्यांनीही विचारलंच असेल, पोरगी तिथं करणार काय म्हणून.

भाचीचे पहिले दोन-तीन महिने रडण्यात गेले. "मामी, सगळ्या इंग्रजी फाडफाड बोलतात गं. मी वर्गात तोंडच उघडत नाही." मी धीर द्यायची आणि फोन ठेवला की देवापुढे बसायची. हळूहळू फोन कमी झाले. मग एकदा म्हणाली, "मैत्रिणींना घेऊन येऊ का? आजीकडे काम आहे."

तिथं मुलांचे गट करतात आणि आपल्या देशातली एखादी कला, एखादी परंपरा त्या त्या गावी जाऊन अभ्यासायला लावतात. या पोरींनी आपल्या शिराळ्याची नागपंचमी घेतली होती. पेठ नाक्यावर उतरून पाचजणी घरी आल्या आणि सासूबाईंना मध्ये बसवून भोवती सतरंजीवर बसल्या.

सासूबाई आधी लाजल्या, मग जी सुरुवात केली! भावाचा उपास, दारात आलेला जिवंत नाग, हळदकुंकू, बायकांची झुंबड. पुढे वन्यजीव कायदा आणि कोर्टाचा हुकूम आला, जिवंत नागांची पूजा थांबली. एका मुलीनं विचारलं, "आजी, वाईट वाटलं का?"

सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या. "वाटलं की. नागाला भाऊ मानलेला. पर त्येचं तोंड दाबून धरायचे, तेबी बगवत नव्हतं."

बारा वर्षं मी या घरात आहे, शाळेत मुलांना नागपंचमीवर निबंध लिहायला लावते. हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. आणि वर्गात तोंड न उघडणारी आमची भाची आजीचं बोलणं त्या परप्रांतीय मुलींना इंग्रजीत समजावत होती. 'बगवत नव्हतं' याला नेमका शब्द कोणता, यावर तर त्यांचं चांगलंच जुंपलं. माझ्या हातातली चहाची किटली तशीच राहिली.

कर्जाचे हप्ते अजून सुरू व्हायचेत. नोकरीचं काय, हे भावजी भेटले की विचारतात, आणि माझ्याकडे अजूनही उत्तर नाही. सासूबाईंनी मात्र तो प्रश्न सोडलाय. परवा जोंधळे निवडता निवडता म्हणाल्या, "त्या पोरी परत कवा येनार गं? बेंदराचं सांगायचं ऱ्हायलंय."