झाडं आधी कागदावर पडतात

कर्क डग्लसचा १९५२ सालचा ‘द बिग ट्रीज’ हा वेस्टर्न यूट्यूबवर फुकट बघायला मिळतो. फार थोर सिनेमा नाही. वॉर्नर ब्रदर्सच्या करारातून सुटायचं म्हणून डग्लसने तो बिनपैशात केला. लाकूडतोडीची दृश्यं १९३८ च्या ‘व्हॅली ऑफ द जायंट्स’मधून उचलून जोडलीत. काटकसर लपत नाही. तरी सावंतवाडी-दोडामार्गच्या माणसाने तो एकदा बघावाच.

गोष्ट १९०० ची. जिम फॅलन हा लाकूड व्यापारी कॅलिफोर्नियात येतो. त्याची नजर रेडवूडच्या अवाढव्य झाडांवर. तिथल्या धार्मिक वस्तीला ही झाडं देवळासारखी. आपली देवराई समजा. मारामारी, बंदुका, रेल्वे सगळं आहे. पण मला धरून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीने. हे भांडण मुळात कुऱ्हाडीचं नाही, कागदाचं आहे. जमिनीचा नवा कायदा आलाय आणि हक्क कोण नोंदवतो यावर जंगल कोणाचं ते ठरणार.

आपल्याकडे घोड्यावरून कोण येत नाय. मोटारसायकलवरून एजंट येतो. गोड बोलतो. जिल्ह्यातलं बरंचसं जंगल खाजगी मालकीचं. सातबाऱ्यावर दहा-पंधरा नावं, त्यातली अर्धी मुंबईत. घरात आजारपण नाहीतर मुलीचं लग्न. व्यापारी उभं रान उक्तं मागतो. ऐन, किंजळ, जांभूळ सगळं एका आकड्यात. पुढे त्याच डोंगरावर रबर नाहीतर अननस दिसतो.

सावंतवाडी-दोडामार्ग हा वाघाच्या ये-जा करण्याचा पट्टा. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये इथल्या वृक्षतोडीला बंदी घातली. मार्च २०२४ मध्ये इथली २५ गावं पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील जाहीर करण्यासाठी केंद्राला चार महिन्यांची मुदत दिली. तोड रोखायला कृती दल नेमायला सांगितलं. बंदीनंतर अकरा वर्षांनी कृती दल लागतं, यातच काय ते समजा.

आता दुसरी बाजू. ‘इको-सेन्सिटिव्ह’ म्हटलं की गावात लोक बिथरतात. घर बांधायला मिळेल काय, बागायत करता येईल काय, ही भीती खोटी नाही. ती कोणी नीट बसून दूर केलेली नाही. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला विचारलं, “झाडा आमी राखूची, आणि आमका काय गावतला?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सरकारकडे असायला हवं. उभ्या झाडाचा मालकाला वर्षाला काही मोबदला मिळाला, तर एजंटला दारातूनच परत पाठवता येईल. नुसत्या बंदीने गरज संपत नाही, तोड फक्त रात्री होते.

सिनेमात शेवटी फॅलनला उपरती होते आणि तो वस्तीच्या बाजूने उभा राहतो. खऱ्या कॅलिफोर्नियात तसं झालं नाही. रेडवूड नॅशनल पार्क झालं १९६८ ला, तोवर जुन्या रेडवूडचा बहुतेक भाग तुटून गेला होता.

म्हणून एवढंच सांगणं. सही करण्याआधी रानातली झाडं मोजा. तोडीची परवानगी कोणाच्या नावावर, किती झाडांची, ते वाचा. मुंबईतल्या भावांना फोन करा. आणि संवेदनशील क्षेत्राचा विषय ग्रामसभेत आला की घरी बसू नका. जा, मोबदल्याचा प्रश्न विचारा आणि तो इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.