टोपलीतले आकाश

आपल्या घरांत प्रवास म्हणजे यात्रा, आणि यात्रा म्हणजे सारे कुटुंब. लग्नानंतर आम्ही उभयता पहिल्यांदा प्रवासाला निघालो, तेव्हा गाडीत सासू-सासरे, दोन नणंदा, एक दीर, आत्येसासूबाई आणि फराळाचे चार डबे होते. शिखरजी झाले, पालिताणा झाले, राणकपूर झाले. त्या यात्रांनी मन भरले, यात शंका नाही. परंतु तीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघेच कोठे गेलो, असा एकही दिवस मला आठवत नव्हता.

माझे माहेर दौंडचे, सासर शिरूरचे. दौंड हे जंक्शनाचे गाव. सोलापूरकडची गाडी, मनमाडकडची गाडी, पुण्याकडची गाडी, सगळ्यांच्या शिट्ट्या आमच्या माडीपर्यंत ऐकू येत. सारे जग कोठे ना कोठे निघाले आहे आणि आपण खिडकीत उभ्या आहोत, अशी माझ्या लहानपणाची आठवण आहे. शिरूरचा स्वभाव निराळा. पुण्यापासून सुमारे ७० किलोमीटरवर, नगर रस्त्यावर, घोड नदीच्या काठी वसलेले हे गाव. जुनी माणसे त्याला अजूनही घोडनदीच म्हणतात. एकोणिसाव्या शतकात येथे इंग्रजांची लष्करी छावणी होती. बाजारपेठ तेव्हापासूनची. आमचे आजेसासरे मारवाडातून, नागौरकडच्या एका खेड्यातून येथे आले आणि त्यांनी किराण्याची पेढी मांडली. त्या पेढीचे कुलूप आजही सकाळी नऊला उघडते. म्हणजे गेल्या वर्षापर्यंत उघडत असे.

गेल्या वर्षी चैत्रात ह्यांच्या छातीत दुखू लागले. रात्रीच पुण्याला नेले, हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला. तीन दिवसांनी घरी आलो. सारे सुरळीत झाले. पण त्या तीन दिवसांत माझ्या ध्यानात आले, की रुग्णालयातल्या खोलीत आम्ही दोघेच असताना आम्हाला बोलायला विषय नव्हता. हे उधारीचे विचारीत, मी गोळ्यांचे सांगे, आणि मग दोघेही खिडकीकडे पाहत बसू.

लग्नाचा तिसावा वाढदिवस जवळ आला तेव्हा मुलाने आणि सूनबाईने ठरवून टाकले, "या वेळी तुम्ही दोघेच जायचे. आणि आकाशातून काहीतरी पाहून यायचे." आकाशाची कल्पना सूनबाईची. दौंडच्या खिडकीची गोष्ट मी तिला कधीतरी सांगितली होती. सासूबाई म्हणाल्या, "दोघेच? लोक काय म्हणतील?" मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाल्या, "जा. आम्ही नाही गेलो कधी."

आता प्रश्न निवडीचा होता. सौंदर्यदर्शनासाठी करायच्या उड्डाणांचे प्रकार आज आपल्या देशात आणि शेजारी बरेच आहेत. मुलाने चार कागदांवर चार पर्याय लिहून गादीवर ठेवले. ह्यांनी चष्मा लावला आणि खतावणी तपासावी तसे ते तपासले.

पहिला पर्याय घराजवळचा, मावळातील कामशेतचा. पवना धरणाच्या परिसरातील टेकड्यांवरून तेथे पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत पॅराग्लायडिंग चालते. नवख्या माणसाला प्रशिक्षित वैमानिकाच्या पुढ्यात बांधून घेतात आणि टेकडीच्या उतारावरून चार पावले धावले की छत्री हवेत उचलली जाते. परंतु उतारावरून धावायचे ह्यांच्या डॉक्टरांना मान्य नव्हते. शिवाय एका छत्रीखाली वैमानिक आणि एकच प्रवासी. म्हणजे मी एका परक्या माणसाबरोबर आणि हे दुसऱ्या.

दुसरा पर्याय हेलिकॉप्टरचा. मुंबईत जुहूहून शहरदर्शनाची उड्डाणे वेळोवेळी झाली आहेत, आणि केदारनाथची हेलिकॉप्टरसेवा तर सर्वांना ठाऊक आहे. हेलिकॉप्टरमध्ये आसने वजनाचा तोल साधून दिली जातात. त्यामुळे पती-पत्नी शेजारी बसतीलच असे नाही. यंत्राचा आवाज एवढा, की कानांवर आवरण चढवावे लागते. डोंगराळ मुलखात हवामान क्षणात पालटते, हेही विसरून चालत नाही. १५ जून २०२५ रोजी केदारनाथहून परतणारे हेलिकॉप्टर गौरीकुंडजवळ कोसळून त्यातील सातही जण मृत्युमुखी पडले. ती बातमी आमच्या घरात सर्वांनी वाचली होती.

तिसरा पर्याय भव्य होता. काठमांडूहून पहाटे निघणारे पर्वतदर्शनाचे विमान. सुमारे तासाभरात हिमालयाच्या रांगेसमोरून जाऊन, ८,८४८.८६ मीटर उंचीचे एव्हरेस्ट शिखर दाखवून ते परत येते. आभाळ निरभ्र नसेल तर उड्डाण रद्द होते. ह्या विमानात प्रत्येकाला खिडकी मिळावी म्हणून खिडकीलगतचीच आसने देतात. मुलगा म्हणाला, "बाबा, दोघांनाही खिडकी!"

चौथा पर्याय जयपूरजवळच्या गरम हवेच्या फुग्याचा, म्हणजे हॉट एअर बलूनचा. तेथे थंडीच्या हंगामात, सूर्योदयाच्या सुमारास आमेरच्या परिसरातून फुगे उडतात.

ह्यांनी चारही कागद खाली ठेवले आणि मुलाला विचारले, "आपण नेमके काय विकत घेतो आहोत? उंची, देखावा, की सोबत?" कोणी बोलेना. तेव्हा हेच म्हणाले, "उंची घ्यायची तर एव्हरेस्ट. पण तेथे मी एका खिडकीशी, ही दुसऱ्या खिडकीशी. दोघांनी वेगवेगळे पाहायचे आणि घरी येऊन एकमेकांना सांगायचे, हे तर आम्ही तीस वर्षे करतोच आहोत. फुग्याच्या टोपलीत शेजारी उभे राहता येते ना? मग तोच सौदा."

किंमत मात्र त्यांना टोचलीच. तासाभराला हंगामातल्या एका चांगल्या बाजारदिवसाचा नफा! पण सौदा ठरल्यावर घासाघीस करायची नाही, हा पेढीचा नियम आहे.

फुग्याचे शास्त्र मुलानेच समजावले. गरम हवा थंड हवेपेक्षा हलकी, एवढेच त्याचे मूळ. मोठ्या कापडी आवरणाखाली वेताची टोपली, तिच्या वर गॅसचा बर्नर. ज्योत सोडली की फुगा चढतो, हवा निवली की उतरतो. वैमानिकाच्या हातात फक्त वर-खाली असते, दिशा वाऱ्याची. निरनिराळ्या उंचीवर वारा निरनिराळ्या दिशांनी वाहतो, म्हणून तो योग्य थर शोधीत चढ-उतार करतो. ऊन तापल्यावर हवेचे प्रवाह अस्थिर होतात, यासाठी उड्डाण भल्या सकाळीच. १९ सप्टेंबर १७८३ रोजी फ्रान्समध्ये माँगोल्फिए बंधूंनी फुग्यातून एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा पाठवला आणि तिघेही जिवंत उतरले. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये दोन माणसे प्रथमच मुक्तपणे उडाली. मेंढी सुखरूप उतरली हे ऐकून सासूबाईंना फार बरे वाटले.

फुगाही निर्धोक नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत इजिप्तमधील लक्सर येथे फुग्याला आग लागून १९ प्रवासी दगावले होते. म्हणून आम्ही आगाऊ रक्कम देण्यापूर्वी चौकशी केली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची परवानगी आहे का, वैमानिकाचा परवाना आणि अनुभव किती, विमा कोणाचा, वारा जास्त असल्यास उड्डाण रद्द करतात का आणि मग पैसे परत मिळतात का. रद्द करण्याविषयी जो संकोच न करता बोलतो, त्याच्यावर विश्वास ठेवावा, असे हे म्हणाले. वजन आणि आजारपण आम्ही लपवले नाही. डॉक्टरांची लेखी संमती घेतली.

चातुर्मास संपल्यावर, मार्गशीर्षात निघालो. पुण्याहून विमानाने जयपूर. पहिल्या पहाटे साडेपाचला उठून तयार झालो आणि निरोप आला, वारा जास्त आहे, आज उड्डाण नाही. त्यासाठीच तीन सकाळी राखून ठेवल्या होत्या. दिवसभर आमेरचा किल्ला पाहिला, सूर्यास्तापूर्वी जेवलो, आणि रात्री गच्चीवर बसून झाडाचे पान हलते का ते पाहिले. त्या रात्री आम्ही पुष्कळ बोललो, वाऱ्याविषयी.

दुसऱ्या पहाटे वारा पडला होता. एका मोकळ्या शेतात फुगा आडवा पसरलेला. मोठ्या पंख्याने आत हवा भरली, मग ज्योत सोडली, आणि ते अजस्र कापड हळूहळू उठून उभे राहिले. टोपली छातीएवढी उंच, तिला पाय ठेवायला खोबणी. ह्यांनी मला हात दिला. लग्नात हात हाती दिला होता, त्यानंतर चारचौघांत बहुधा पहिल्यांदाच.

आम्ही वर गेलो असे वाटलेच नाही. जमीनच सावकाश खाली गेली. वाऱ्याबरोबरच जात असल्याने अंगाला वारा लागत नाही. ज्योत बंद झाली की पूर्ण शांतता. त्या शांततेत खालचे सारे ऐकू येते. हातपंपाचा आवाज, कोंबड्याची बांग, अंगणात भांडी घासणाऱ्या बाईची हाक. अरवलीच्या डोंगरांवर जयगडाची तटबंदी उजळत होती, शेतांवर धुके होते, आणि आमच्या फुग्याची सावली वाडीवस्तीवरून आमच्याबरोबर चालली होती. झाडांवर मोर दिसले. शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोलीत आम्ही मोर पाहिले होते ते खालून. वरून मोराची पाठ पाहण्याचा हा पहिलाच प्रसंग. एका वाड्यात गुरे बांधलेली होती. वैमानिकाने तेथे ज्योत न सोडता फुगा तसाच पुढे जाऊ दिला. "आवाजाने जनावरे बुजतात," तो म्हणाला. हे माझ्याकडे पाहून हसले.

मग हे एकदम बोलले. "त्या रात्री रुग्णालयात नेताना मला एकच आठवत होते, गल्ल्याची किल्ली कोठे ठेवली. तुझ्या आवडीची भाजी कोणती, हे आठवून पाहिले. आठवली नाही."

मी म्हणाले, "तोंडली."

"तीस वर्षे मला वाटत होते, ती माझी आवड म्हणून तू करतेस."

"आणि मला वाटत होते, तुम्हाला आवडते म्हणून तुम्ही खाता."

टोपलीत आणखी चार माणसे होती. त्यांना मराठी येत नव्हते, हे फार सोयीचे झाले.

तासाभराने उतरलो. वैमानिकाने आधीच सांगितले होते, गुडघे वाकवा, दोर घट्ट धरा. टोपली दोनदा आपटली, थोडी कलली आणि स्थिर झाली. माझ्या हातात दोराऐवजी ह्यांची बाही होती. खालून आमच्या मागोमाग धावत आलेली जीप पोहोचली. उतरल्यावर परदेशात फेसाळ मद्य देण्याची प्रथा आहे म्हणे. आम्हाला चहा मिळाला. सूर्योदय होऊन ४८ मिनिटे उलटली होती, नवकारसीही झाली होती, म्हणून आमच्या डब्यातल्या खाकऱ्यांसह तो निःशंकपणे घेतला.

ज्यांच्या शेतात उतरलो ते म्हातारेबाबा जवळ आले. कोठून आलात, असे त्यांनी आपल्या बोलीत विचारले. ह्यांनी आजीकडून ऐकलेल्या मारवाडीत उत्तर दिले. शब्द तिकडचे, पण चाल पुरी घोडनदीची. बाबा मनापासून हसले, पण त्यांना सारे समजले. दुसऱ्या दिवशी आम्ही नागौरकडे गेलो. आजेसासऱ्यांच्या गावात घर उरलेले नाही. एक विहीर आणि खेजडीचे झाड दाखवले गेले. हे त्या झाडाखाली बराच वेळ उभे होते. तेथून निघताना म्हणाले, "ते पोटासाठी निघाले, वाऱ्याने नेले तिकडे गेले. उतरायला घोडकाठ मिळाला."

ज्यांना असा बेत करायचा असेल त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी. उड्डाणासाठी एकच सकाळ ठरवू नये, किमान दोन राखीव ठेवाव्यात. लोकरीचे कपडे आणि बंद बूट घालावेत. डोक्यावर टोपी असावी, कारण ज्योतीची झळ लागते. गर्भवतींनी आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी हा विचार पुढे ढकलावा. आणि मुख्य म्हणजे, कोणते उड्डाण सर्वांत उंच जाते हे विचारण्याआधी, त्यात दोघांना शेजारी उभे राहता येते का, हे विचारावे.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारले, "काय पाहिलेत?" मोर, किल्ला, धुके, सारे सांगितले. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "दोघांचेही सांगणे एकच आहे. म्हणजे बरोबर पाहिलेत."

आता सकाळी आम्ही अर्धा तास घोड नदीच्या काठाने चालतो. पेढी साडेनऊला उघडते. एकही गिऱ्हाईक तुटलेले नाही.